बातमीच्या शेजारी मालकाचं नाव का नसतं?

रोजचा वाचक (धागाकर्ता)

२३ ऑगस्ट २०२२ ला अदानी समूहाने एनडीटीव्हीत मोठा हिस्सा मिळवल्याची बातमी आली आणि बहुतेक प्रेक्षकांना विश्वप्रधान कमर्शियल हे नाव पहिल्यांदा कळलं. या कंपनीने २००९ मध्ये एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांच्या आरआरपीआर होल्डिंगला चारशे कोटींहून थोडं अधिक बिनव्याजी कर्ज दिलं होतं. त्या बदल्यात आरआरपीआरचे ९९.९९ टक्के समभाग स्वतःच्या नावावर करून घेण्याचा हक्क तिला मिळाला होता. आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के समभाग होते. अदानी समूहाने कर्ज देणारी ती कंपनीच विकत घेतली आणि जुना हक्क बजावला. पुढे इतर भागधारकांकडून समभाग विकत घेण्यासाठी खुली ऑफर आली, प्रवर्तकांनी आपले बरेचसे समभाग विकले आणि वर्ष संपायच्या आत वाहिनीची मालकी बदलली.

हा करार तेरा वर्षं अस्तित्वात होता. त्यावर काही पत्रकारांनी लिहिलं होतं, प्रकरण शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीपुढेही गेलं होतं. म्हणजे माहिती गुप्त नव्हती. तरी रोज रात्री ती वाहिनी लावून बसणाऱ्या किती जणांना ती ठाऊक होती? कागदोपत्री नोंदलेली माहिती आणि वाचकापर्यंत पोचलेली माहिती यांत मोठं अंतर आहे. माझा या धाग्यातला आग्रह त्या अंतराबद्दल आहे.

वर्तमानपत्रांसाठी आपल्याकडे तजवीज बरीच जुनी आहे. १८६७ च्या कायद्याखाली १९५६ साली केलेल्या नियमांत 'फॉर्म ४' होता. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापायचं: मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागीदार किंवा भागधारक कोण. जुनी मासिकं चाळलीत तर मार्चच्या अंकात कुठल्या तरी कोपऱ्यात ते निवेदन सापडेल. कल्पना उत्तम होती. पण वर्षातून एकदा, बारीक टाइपात, आणि बहुतेक वेळा तिथे एका कंपनीचं नाव. त्या कंपनीमागे कोण, हे शोधायचं काम वाचकावरच.

आणि ज्या दिवशी त्या मालकाच्या दुसऱ्या धंद्याची बातमी पहिल्या पानावर येते, त्या दिवशी शेजारी एक ओळ नसते. वॉशिंग्टन पोस्टमध्ये अ‍ॅमेझॉनवर बातमी असली की 'या वृत्तपत्राचे मालक जेफ बेझोस हे अ‍ॅमेझॉनचे संस्थापक आहेत' अशा अर्थाचं वाक्य बहुधा त्या बातमीतच येतं. मला एवढंच हवं आहे. वाचताना, त्याच जागी.

धोरणांचंही तेच. निनावी सूत्राचा हवाला कधी द्यायचा, चूक सापडली तर काय करायचं, प्रायोजित मजकुराला काय नाव द्यायचं, बातमीदाराने कुणाच्या खर्चाने प्रवास केला तर ते सांगायचं का, हे नियम प्रत्येक बातमीखोलीत असतात. बीबीसीची संपादकीय मार्गदर्शक तत्त्वं कुणीही उघडून वाचू शकतो. न्यूयॉर्क टाइम्सची आचारसंहिताही जाहीर आहे. आपण रोज वाचतो त्यांपैकी किती माध्यमांची अशी संहिता तुम्हाला सापडली? शोधून इथे लिहा.

निळी शाई

धागा आवडला. एक भर घालते. निनावी सूत्रांबद्दल असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचे नियम वाचण्यासारखे आहेत. सूत्राने दिलेली गोष्ट माहिती असली पाहिजे, मत किंवा तर्क नको. ती बातमीसाठी अत्यावश्यक हवी, दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नसावी, आणि सूत्र विश्वासार्ह व ती गोष्ट माहीत असण्याच्या जागी असलेलं हवं. वरिष्ठांची परवानगी लागते ती वेगळीच.

एकदा हे वाचलं की आपली 'सूत्रांनी सांगितले' वाली बातमी वेगळ्या नजरेने वाचली जाते. नेत्याच्या मनात काय आहे हे सूत्र सांगतं, कोण नाराज आहे हेही सूत्रच सांगतं. वरच्या पहिल्याच अटीवर यातला बराचसा मजकूर गळेल. नियम जाहीर असल्याचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. वाचकाच्या हातात मोजपट्टी येते आणि ती त्या माध्यमाने स्वतःच दिलेली असते.

कागदपत्र

कंपनी कायद्याचं काम करतो, म्हणून मालकी शोधण्याच्या बाजूवर लिहितो.

माध्यम कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. प्रवर्तक किती, बाहेरचे किती, सगळं. खासगी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून वार्षिक विवरणपत्र पाहता येतं. त्यात भागधारक म्हणून दुसरी कंपनी निघते, तिचं विवरणपत्र काढलं की तिसरी. ही साखळी तोडण्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम ९० मध्ये 'महत्त्वाचा लाभधारक मालक' ही तरतूद आली. साखळी कितीही लांब असो, ज्या व्यक्तीचा अप्रत्यक्ष हिस्सा १० टक्के किंवा जास्त आहे तिने कंपनीला कळवायचं आणि कंपनीने निबंधकाला.

पण एनडीटीव्हीचं उदाहरण नीट पाहिलंत तर लक्षात येईल की खरी मेख समभागांत नव्हतीच, कर्जाच्या करारात होती. भागधारणेच्या तक्त्यात कर्ज दिसत नाही. नेटवर्क१८ या वृत्तवाहिन्यांच्या समूहाबाबतही क्रम तसाच होता. २०१२ च्या जानेवारीत रिलायन्सने एका न्यासामार्फत प्रवर्तकांच्या कंपन्यांना पैसा पुरवण्याची व्यवस्था जाहीर केली, त्या पैशाच्या बदल्यात समभागांत रूपांतर होणारे रोखे होते, आणि २०१४ मध्ये ताबा आला. तिथे निदान घोषणा तरी आधी झाली होती.

तेव्हा 'मालक कोण' याच्या जोडीला 'उद्या मालक होऊ शकेल असा कोण' हेही विचारायला हवं. मोठं कर्ज, गहाण ठेवलेले समभाग, रूपांतराचे हक्क, संचालक नेमण्याचा अधिकार. कायदा पाळूनही हे सगळं वाचकाच्या नजरेआड राहू शकतं.

रोजचा वाचक

कागदपत्र, हे फार मोलाचं आहे. युरोपीय संघाच्या माध्यम स्वातंत्र्य कायद्यात हाच विचार दिसतो. २०२४ साली तो मंजूर झाला आणि त्यातल्या बहुतेक तरतुदी ८ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. बातम्या देणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपलं कायदेशीर नाव, ज्यांच्या हिश्श्यामुळे कारभारावर आणि मोठ्या निर्णयांवर प्रभाव पडू शकतो असे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मालक, आणि अंतिम लाभधारक यांची माहिती लोकांना सहज मिळेल अशी ठेवायची. सरकारी जाहिरातींतून वर्षभरात किती पैसा आला तेही सांगायचं. टक्केवारीपेक्षा प्रभावावर भर आहे. तुम्ही सांगितलेलं कर्ज त्या व्याख्येत बसेल का?

कागदपत्र

नुसतं कर्ज बसणार नाही असं मला त्या शब्दांवरून वाटतं, कारण तिथेही शब्द हिश्श्याचेच आहेत. अंतिम लाभधारकाच्या व्याख्येतून कदाचित. सरकारी जाहिरातींची तरतूद मात्र मला मालकीइतकीच महत्त्वाची वाटते. लहान वृत्तपत्राचा मालक प्रामाणिक असला तरी महिन्याचा खर्च सरकारी जाहिरातींवर चालत असेल तर दबाव कुठून येणार हे उघड आहे. आपल्याकडे हे आकडे बहुतेक वेळा माहिती अधिकारात अर्ज केल्यावर किंवा सभागृहात प्रश्न विचारल्यावर बाहेर येतात. तेही सरकारच्या बाजूने. वृत्तपत्राने आपण होऊन छापलेले मी तरी पाहिले नाहीत.

रात्रपाळी

बरीच वर्षं दैनिकांच्या डेस्कवर काढली, आता निवृत्त आहे. आतलं चित्र थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की मालक फोन करून बातमी काढायला लावतो. तसे फोन क्वचितच येतात. ते यावेच लागत नाहीत.

नवीन उपसंपादक आला की पहिल्या काही आठवड्यांत त्याला कळतं की अमुक समूहाची बातमी आली तर ती आधी 'वर' दाखवायची. तमुक बिल्डरच्या इमारतीत अपघात झाला तर नाव न देता 'एका बांधकाम प्रकल्पात' असं लिहायचं. हे कुणी लिहून देत नाही. एखाद्या रात्री त्याने पान लावलेलं असतं, बातमी उडते, कारण विचारलं की 'जागा नव्हती' असं उत्तर मिळतं. पुढच्या वेळी तो स्वतःच ती बातमी घेत नाही. सहा महिन्यांनी त्याला असं वाटू लागतं की ही बातमी नव्हतीच. वाईट आहे ते हे. माणूस घाबरतो तोवर ठीक, त्याला काय चूक ते कळत असतं. पुढे त्याची पारखच बदलते.

म्हणून लेखी आणि जाहीर धोरणाचं महत्त्व मला वाचकापेक्षाही त्या उपसंपादकासाठी वाटतं. रात्री साडेअकराला जाहिरात विभागातला माणूस येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवायला काही तरी हवं असतं. 'आपल्या संकेतस्थळावर लिहिलंय, प्रायोजित मजकुरावर तसं छापल्याशिवाय जात नाही.' एवढं वाक्य त्याच्या हाती असलं तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नाही तर तो एकटा पडतो, आणि एकटा माणूस नोकरी धोक्यात घालत नाही.

निवडणुकीच्या काळातलं 'पॅकेज', म्हणजे उमेदवाराकडून पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, हा याच अंधारात वाढलेला प्रकार. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत शब्दन्‌शब्द सारखा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या बायलाइनने, म्हणजे वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने, आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो 'द हिंदू'त उघडकीला आणला. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी नावांनिशी सविस्तर अहवाल तयार केला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा छोटा गोषवारा स्वीकारला आणि मूळ अहवाल बाजूला ठेवला. तो लोकांपुढे यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारी संस्थाच वृत्तपत्रांची नावं छापायला कचरली, हे आठवलं की आजही मला राग येतो.

पाणवठा

रात्रपाळी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'पारख बदलते' हे शब्द मनात राहिले.

दुसरी बाजू

चर्चा छान चालू आहे, पण मला मूळ प्रस्तावातच दोन अडचणी दिसतात आणि त्या गंभीर आहेत.

पहिली. मालकी उघड झाली म्हणून काय बदलतं? हंगेरीत नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून जास्त माध्यमं एका प्रतिष्ठानाला दान करून टाकली. लपूनछपून काही झालं नाही, सगळ्या जगाने बातम्या वाचल्या. सरकारने तो व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून वगळला, तेही जाहीरपणे. वाचकाला सगळं ठाऊक होतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यापुढे दुसरं स्थानिक वृत्तपत्र उरलं नव्हतं. वॉशिंग्टन पोस्टचंच घ्या, तुम्ही आदर्श म्हणून दिलंय ते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेझोस यांनी जाहीर केलं की मतांच्या पानावर यापुढे व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजारपेठ या दोन तत्त्वांच्या बाजूने लिहिलं जाईल, विरोधी मतं इतरांनी छापावीत. मतविभागाच्या संपादकांनी पद सोडलं. यापेक्षा पारदर्शक धोरण काय असणार? पण ते स्वतंत्र आहे का?

दुसरी अडचण त्याहून मोठी. 'प्रत्येक बातमीशेजारी ओळ' हे रशियात घडलं आहे. 'परदेशी हस्तक' ठरवण्याचा कायदा २०१७ मध्ये तिथे माध्यमांनाही लागू केला. अशा माध्यमाने आपल्या प्रत्येक मजकुरावर ठळक अक्षरांत ठरावीक वाक्य छापायचं, की हा मजकूर परदेशी हस्तकाचं काम करणाऱ्या माध्यमाने तयार केला आहे. एप्रिल २०२१ मध्ये 'मेदुझा' या रशियन भाषेतल्या वृत्तसंकेतस्थळावर हा शिक्का बसला आणि त्याचे जाहिरातदार पाहता पाहता निघून गेले. पैसा कुठून येतो ते वाचकाला कळावं, हेच कारण तिथे दिलं जातं. तुमच्या मागणीचं असं हत्यार होऊ शकतं आणि ते नेहमी दुबळ्यावर आधी चालतं. वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारं छोटं संकेतस्थळ देणगीदारांची नावं जाहीर करेल, तर पुढची देणगी येईल का?

रोजचा वाचक

दुसरी बाजू, रशियाचं उदाहरण मला विचार करायला लावणारं आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

तिथे सरकार निवडून काही माध्यमांवर शिक्का मारतं. वाक्य सरकारचं, शब्द बदनामीचे, आणि ज्या माध्यमांना सरकार पैसा देतं त्यांना तो नियम नाही. मी मागतो ती ओळ सगळ्यांना सारखी हवी, सरकारी वाहिनीलाही, आणि त्यात फक्त वस्तुस्थिती हवी: या बातमीत ज्या कंपनीचा उल्लेख आहे ती आमच्या मालकाची आहे. कुणाला हस्तक म्हणायचं नाही, कुणाच्या हेतूबद्दल बोलायचं नाही. आणि ती ओळ माध्यमाने आपल्या धोरणाने स्वतः छापावी. कायद्याचं काम नोंदवही खुली ठेवण्यापुरतं.

देणगीदारांचं मान्य आहे. शे-पाचशे रुपये देणाऱ्या वाचकाचं नाव जगाला कळायची काही गरज नाही. पण एकूण उत्पन्नाचा मोठा वाटा एकाच माणसाकडून येत असेल तर ते वाचकाला कळलं पाहिजे, मग ते संकेतस्थळ माझ्या मताचं का असेना. खरं तर माझ्या मताचं असेल तर जास्तच, कारण तिथे मी बेसावध असतो.

हंगेरीबद्दल तुम्ही बरोबर आहात. सगळं एकाच हातात गेल्यावर उघडपणाने काही वाचत नाही. म्हणून तो केव्हा हवा? मालकी गोळा होत असताना. एक-एक वृत्तपत्र विकलं जात असतं तेव्हा.

कागदपत्र

मालकी एकवटण्यावरून आठवलं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये शिफारशी दिल्या होत्या. राजकीय पक्ष आणि सरकारी संस्थांना प्रसारणात येऊ देऊ नये, उद्योगसमूहांच्या प्रवेशावर बंधनं असावीत, आणि एकाच मालकाकडे वृत्तपत्र आणि वाहिनी दोन्ही असतील तर त्या त्या भाषेच्या बाजारात त्याचा वाटा किती हे मोजावं. भाषेनुसार मोजणं हा त्यातला सगळ्यात शहाणा भाग. देशपातळीवर नगण्य दिसणारा समूह एका भाषेत सर्वेसर्वा असू शकतो. शिफारशी कायद्यात उतरल्या नाहीत. २०२२ मध्ये ट्रायने त्याच विषयावर पुन्हा चर्चापत्र काढलं.

दुसरी बाजू

आणि कायद्यात उतरल्या असत्या तर न्यायालयात टिकल्या असत्या का? पहिल्या प्रेस आयोगाला वाटलं की मोठी वृत्तपत्रं लहानांना गिळतील. त्यातून १९५६ चा किंमत आणि पृष्ठसंख्येचा कायदा आला: किती पानं द्याल त्यावर किमान किंमत ठरणार. हेतू लहानांना वाचवण्याचा. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण त्यामुळे खप कमी होतो आणि खप कमी करणं म्हणजे अभिव्यक्तीवर घाला. सरकारच्या हाती माध्यमांची मोजमापं द्यायला मी तयार नाही, आणि त्या निकालामुळे ती आपल्याकडे सहज देताही येत नाहीत. मला ते हिताचं वाटतं.

रोजचा वाचक

त्या निकालाचा मलाही आदर आहे. पण तिथे प्रश्न किती पानं छापायची आणि किती दराने विकायची याचा होता. मालकाचं नाव छापल्याने कुणाचा खप सरकारने कमी केला असं होत नाही. वाचकाने केला तर तो वाचकाचा हक्क.

निळी शाई

मला चर्चा पुन्हा धोरणांकडे आणायची आहे, कारण मालकीपेक्षा तिथे वाचकाला रोज काही करता येतं. नियम लिहिलेले असणं ही सुरुवात झाली. ते मोडले गेले तेव्हा संस्थेने काय केलं, त्यावरून तिची ओळख पटते.

लॉस एंजेलिस टाइम्सने ऑक्टोबर १९९९ मध्ये आपल्या रविवारच्या मासिकाचा अख्खा अंक स्टेपल्स सेंटर या नव्या क्रीडागारावर काढला. त्या अंकाच्या जाहिरातींचा नफा वृत्तपत्र आणि क्रीडागार निम्मा निम्मा वाटून घेणार होते. अंक लिहिणाऱ्या पत्रकारांना याचा पत्ता नव्हता. बाहेर कळलं तेव्हा तीनशेहून जास्त पत्रकारांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. मग वृत्तपत्राने आपल्याच डेव्हिड शॉ या बातमीदाराला चौकशीचं काम दिलं आणि त्याचा प्रदीर्घ वृत्तांत डिसेंबरमध्ये आपल्याच पानांवर छापला. प्रकाशकापासून सगळ्यांची नावं त्यात आहेत.

न्यूयॉर्क टाइम्सने मे २००३ मध्ये जेसन ब्लेअर या बनावट आणि चोरलेला मजकूर देणाऱ्या आपल्याच बातमीदाराच्या प्रकरणी असंच केलं. त्याला राष्ट्रीय बातम्यांचं काम मिळाल्यापासूनच्या ७३ बातम्या तपासल्या, ३६ मध्ये गडबड सापडली, आणि ते पहिल्या पानावर सांगितलं. त्यातूनच तिथे 'पब्लिक एडिटर' हे पद आलं: पगार वृत्तपत्राचा, पण संपादकांना जाब विचारायचं काम वाचकांच्या वतीने. २०१७ मध्ये ते पद बंद केलं. समाजमाध्यमांवरचे वाचक हेच आता पहारेकरी आहेत असं कारण दिलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. समाजमाध्यमावर ओरडणाऱ्या हजार वाचकांना बातमीखोलीतल्या माणसाला बोलावून 'हे का छापलं' असं विचारता येत नाही. पब्लिक एडिटरला येत होतं.

गार्डियनमध्ये वाचक-संपादक १९९७ पासून आहे आणि त्याला मुख्य संपादक काढू शकत नाही, तो अधिकार मालक असलेल्या स्कॉट ट्रस्टचा. 'द हिंदू'ने २००६ मध्ये आपल्याकडे असं पद निर्माण केलं. चुकांची दुरुस्ती रोज, ठरलेल्या जागी. माझ्या मते मराठीत एखाद्या तरी दैनिकाने हे करून दाखवावं. खप कमी होईल ही भीती असते, पण मी स्वतः ज्या वृत्तपत्राची दुरुस्ती रोज वाचते त्याच्या उरलेल्या मजकुरावर जास्त विश्वास ठेवते.

पाणवठा

संकेतस्थळांवर तर दुरुस्ती कळतही नाही. सकाळी वाचलेला मथळा दुपारी बदललेला असतो, आतला आकडा बदललेला असतो, तळाला फक्त 'अद्ययावत' आणि वेळ. काय बदललं? छापील अंक निदान पुरावा म्हणून हातात राहायचा. आधीचं चुकीचं वाक्य मी चार जणांना पाठवलेलं असतं आणि त्यांच्याकडे तेच राहतं.

रात्रपाळी

पाणवठा, अगदी. यात भरडले जातात ते ज्यांच्याबद्दल चुकीचं छापलं गेलं ते लोक. एका आरोपीच्या जागी भलत्याच माणसाचा फोटो गेला होता. संकेतस्थळावरून फोटो गुपचूप काढला आणि विषय संपला असं वरिष्ठांनी ठरवलं. त्या माणसाच्या शेजाऱ्यांना 'तो हा नव्हे' असं कुणीच सांगितलं नाही. दुरुस्तीचं लेखी धोरण असतं तर तो दुसऱ्या दिवशी ते दाखवून हक्काने खुलासा मागू शकला असता. आमच्याकडे त्याला विनंती करावी लागली.

डिजिटल माध्यमांसाठी २०२१ च्या नियमांत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यायचा आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असं आहे. त्या नियमांच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, कारण त्यांमुळे आचारसंहिता सक्तीची होते. ती भीती रास्त आहे. पण अधिकाऱ्याचं नाव बऱ्याच संकेतस्थळांवर आहे, तळाच्या दुव्यांत. ते वापरा.

दुसरी बाजू

निळी शाईंच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. संस्थेने स्वतः घालून घेतलेला नियम आणि त्याचा जाहीर हिशेब, यावर माझा काहीच आक्षेप नाही. मालकाच्या नावाच्या ओळीबद्दलही, ती स्वेच्छेने असेल तर, मान्य. फक्त एक विचारतो. जे स्वेच्छेने करणार नाहीत त्यांचं काय? आणि तेच जास्त असणार.

रोजचा वाचक

त्यांच्यासाठी बाहेरून नोंद ठेवणारे हवेत. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने 'मीडिया ओनरशिप मॉनिटर' नावाचा उपक्रम सुरू केला, २०१९ मध्ये भारताचा भागही आला. कोणत्या माध्यमामागे कोण, त्यांचे इतर धंदे कोणते, राजकीय संबंध कोणते, आणि माहिती मागितल्यावर कोणी दिली, कोणी दिली नाही, हे त्यात नोंदवलं आहे. शेवटचा भाग मला सगळ्यात परिणामकारक वाटतो. 'विचारलं, उत्तर दिलं नाही' ही नोंद कायद्याशिवाय होऊ शकते.

तेच आपण मराठी माध्यमांसाठी करू या का? विचारायला प्रश्न तीन पुरेत. तुमच्या अंतिम मालकांची आणि मोठ्या कर्जदात्यांची नावं कुठे वाचायला मिळतील? तुमचं संपादकीय धोरण आणि दुरुस्तीचे नियम कुठे छापले आहेत? मालकाच्या इतर व्यवसायांची बातमी असते तेव्हा तसं नमूद करण्याचा नियम आहे का? उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकायचं, नाही आलं तर पत्राची तारीख टाकायची.

कागदपत्र

मी नोंदणीकृत कंपन्यांचे भागधारणेचे तक्ते आणि खासगी कंपन्यांची विवरणपत्रं काढून देतो. लिहिताना 'नियंत्रण' असा निष्कर्ष कुणी काढू नका, जे कागदावर आहे तेवढंच लिहा. बदनामीचा दावा त्याच शब्दावरून येतो.

निळी शाई

धोरणांची पानं कुठल्या संकेतस्थळांवर आहेत ते मी बघते. प्रायोजित मजकुराचे नियमही सोबत नोंदवेन.

रात्रपाळी

पत्र संपादकांच्या नावाने पाठवा आणि प्रत तक्रार अधिकाऱ्याला. व्यवस्थापनाला पाठवू नका, ते जाहिरात विभागाकडे जाईल आणि तुम्हाला दरपत्रक येईल. पोचपावती मागा. तिसरा प्रश्न पहिला ठेवा, कारण संपादकाला तो एकट्याला सोडवता येतो, मालकाला विचारावं लागत नाही. आणि पत्राखाली खरी नावं घाला. नाव न देता पारदर्शकता मागणारं पत्र आम्ही डेस्कवर बाजूला ठेवत असू.